अंगठा हलला तर बाई

मी भित्री आहे हे आमच्या घरात कुणाला कधी कळलंच नाही, कारण मी डॉक्टर व्हायला निघाले होते. डॉक्टर होणारी पोरगी रक्ताला भीत नाही, म्हणजे कशालाच भीत नाही, असा सगळ्यांचा समज. प्रवेशाच्या यादीत नाव लागलं तेव्हा रेवदंड्याच्या आमच्या आळीत पेढे वाटले गेले आणि मी मागच्या दारी लपून बसले होते. परीक्षेची, यादीची, कागदपत्रांच्या तपासणीची भीती वाटून झाली होती. आता खरोखरच जावं लागणार, ही नवी भीती सुरू झाली.

कॉलेज घाटावर. पहिल्याच महिन्यात एका सीनिअर मुलीने मला आणि माझ्या रूममेटला एक कापडी पिशवी दिली. आत माणसाची हाडं होती. खरी. पहिल्या वर्षाला ती अभ्यासाला लागतात, आणि वर्ष संपलं की मोजून पुढच्या मुलींच्या हवाली करायची, अशी तिथली रीत. एकही कमी होता कामा नये, असं तिने दोनदा बजावलं. माझी रूममेट मांडीचं हाड मांडीवर घेऊन, चहा पीत पाठ करायची. मी हातमोजे घालून, तेही लांबूनच.

दिवाळीच्या सुट्टीनंतर पायाच्या हाडांची तोंडी परीक्षा होती. म्हणून पायाची हाडं मी घरी घेऊन निघाले. कमरेचं हाडही त्यातच धरतात. एसटीत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं तेव्हा फराळ आहे म्हणून सांगितलं. त्या म्हणाल्या, काय गो, चकलीचा वास कसा येत नाही? मी पिशवीचं तोंड आणखी घट्ट आवळलं.

घरी आल्यावर पिशवी गुपचूप माळ्यावर ताडपत्रीच्या मागे सरकवली. बाबा समुद्रावर गेले होते. ते बोटीचे तांडेल, म्हणजे बोट आणि तिच्यावरची माणसं त्यांच्या भरवशावर. दिवाळीच्या आधी परत येणार होते.

तिसऱ्या दिवशी बंदरावर वादळाचा बावटा लागला. दुपारपर्यंत एकेक करून सगळ्या बोटी खाडीत आल्या. बाबांची आली नाही. वायरलेसवर उत्तर नव्हतं, फोन लागत नव्हता. आभाळ भरून आलं तशी अंगणात वाळत घातलेली मासळी झाकायची म्हणून आई माळ्यावर ताडपत्री काढायला चढली, आणि ती ओढली तशी पिशवीही खाली आली. हाडं घरभर पसरली.

आई ओरडली नाही. तोंडाला पदर लावून तिथेच बसली. मी घाईघाईने सांगू लागले, अभ्यासाची आहेत, सगळ्यांकडे असतात, परत द्यायची आहेत. तिने सगळं ऐकून घेतलं.

"ह्ये घरात ठेवून तुझा बाप दर्यात हाय," ती म्हणाली.

वादळाचा आणि हाडांचा काही संबंध नसतो, हे मी तिला पुस्तकातल्यासारखं समजावलं. कमी दाबाचा पट्टा वगैरे. बोलताना पसरलेल्या हाडांपासून पाय मात्र मागे घेतले. तिने कमरेचं हाड उचललं, उलटंपालटं केलं आणि विचारलं, ह्यो बाप्या का बाई? हे मला येत होतं. त्या हाडाला मागच्या बाजूला एक खाच असते. तिच्यात अंगठा घालून हलवून बघायचा. अडकला तर पुरुष, हलला तर बाई. आईने मासळी कापून खरखरीत झालेला स्वतःचा अंगठा खाचेत घातला. तो हलला.

"हाडां पान्यात सोडतात," ती हळूच म्हणाली. "हिला कोनी सोडली न्हाय."

मी परीक्षा, परीक्षा करत राहिले. तुझा अभ्यास हाय, तुला कलतं, एवढंच म्हणून ती बंदरावर निघून गेली. तिथे आळीतल्या बायका उभ्या होत्या.

मी हाडं गोळा केली, वही उघडली. पत्रे वाजत होते. फीमर, टिबिया, फिब्युला, आणि मध्येच बाबा. तासभर एकही ओळ डोक्यात शिरली नाही. मला कुणी काही करायला सांगितलं नव्हतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. मी ते कमरेचं हाड ओढणीत गुंडाळलं, मागच्या वाटेने खाडीवर गेले आणि म्हटलं, राग धरू नकोस, बाबांना येऊ दे. सोडलं म्हणायची सोय नाही. फेकलं, आणि मागे न बघता पळत सुटले.

दारातच आई भेटली. ती हसत होती. ती बंदरावर पोचली न पोचली तोच फोन आला होता. बोट श्रीवर्धनच्या बंदरात सुखरूप उभी होती. बोटीवरच्या बाकीच्यांच्या घरी निरोप देत फिरण्यात तिचा इतका वेळ गेला होता. म्हणजे मी वही उघडली तेव्हाच बाबा किनाऱ्याला होते.

"हाडां घरात ती घरातच, आनि तुझा बाप सुखरूप. येडी मी," ती म्हणाली, आणि पिशवीवरची धूळ पदराने झटकून तिने ती स्वतःच माळ्यावर ठेवली.

रूममेटला मी सांगितलं की एक हाड एसटीत हरवलं. तोंडी परीक्षेत सरांनी नेमकं कमरेचंच हाड पुढे केलं. मी अंगठा घातला, हलवला, बाई म्हटलं. बरोबर. हाड आहे, घाबरतेस कशाला, असं त्यांनी विचारलं, आणि पास केलं.

आता माझी इंटर्नशिप चालू आहे. वॉर्डात कुणी रुग्णाच्या उशाखाली अंगारा ठेवला की बरोबरीचे चिडतात. मी बघितलं न बघितलं करते. आई मात्र त्या दिवसापासून कशालाच मानत नाही. गेल्या सुट्टीत आमच्या शेजारणीच्या मुलीला मेडिकलला प्रवेश मिळाला. पुढे दिवाळीला अभ्यासाची हाडं घरी आणावी लागतील, असं मुलीने म्हटल्यावर शेजारीण नको नको करत होती. आई तिला म्हणाली, आमच्या घरात बाईचं हाड व्हतं, बावटा लागलेला, तरी हिचा बाप आला. काय व्हत न्हाय. मग माझ्याकडे वळली.

"सांग गो तिला."

काय होत नाही, असं मी म्हटलं. मुलगी माझ्याकडे बघत होती. ओढणीचं टोक तिने मुठीत घट्ट धरलं होतं. हिला तरी खाडीत फेकलेल्या हाडाचं खरं सांगावं, असं फार वाटलं. पण आई ऐकत होती.