हातावर लावायचं नाही

सहावीत होते. केंद्रप्रमुख शाळा तपासायला येणार होते. बाईंनी सकाळी सगळ्यांची नखं पाहिली, रिबिनी पाहिल्या. माझ्यापाशी आल्या आणि थांबल्या. पर्समधून सेंटची बाटली काढली. म्हणाल्या, "हात वर कर."

मी दोन्ही हात वर केले. त्यांनी काखेत फवारलं, मानेवर फवारलं, दप्तरावरसुद्धा फवारलं. पिकावर औषध मारतात तसं. वर्ग हसला. बाईंनी एक पाऊल मागं जाऊन हुंगलं.

"आता तर वास जास्तच येतोय. जा, व्हरांड्यात बस. साहेब गेले की ये."

मी व्हरांड्यात बसले. साहेबांपुढं म्हणायची कविता माझी सगळ्यात चांगली पाठ होती. आतून दुसरीच मुलगी ती अडखळत म्हणत होती.

आमची जात ढोर. कातडं कमावणारे. घोडेगावपासून चार-पाच किलोमीटरवर आमचं गाव, आणि घर गावाच्या अगदी खालच्या अंगाला. वारा गावाकडून आमच्याकडं यायचा. जागा मुद्दाम तशी दिलेली. आमचा वास गावाला नको, गावाचं गटार मात्र आमच्या दारावरून जायचं.

घरामागं दोन हौद. एक चुन्याचा, एक सालीचा. दादा म्हणजे माझे वडील. म्हशीचं, शेळीचं कातडं आधी चुन्यात टाकायचे, केस खरवडायचे, धुवायचे, मग तरवडाच्या सालीच्या पाण्यात कित्येक दिवस मुरवायचे. साल आई कुटायची. तोंडाला फडकं बांधून, दिवसभर. चुन्यानं दादांची नखं झिजून गेली होती. जमिनीवर पडलेली सुई त्यांना उचलता यायची नाही. मला हाक मारायचे.

पट्टे, वाद्या, चाबूक दादाच करायचे. पट्टा न्यायला आलेला शेतकरी तो काठीच्या टोकानं उचलायचा आणि गाडीत टाकायचा. बैलाच्या गळ्यात बांधला की त्याच पट्ट्यावरून प्रेमानं हात फिरवायचा. हे मी लहानपणी शंभरदा पाहिलं. विचार मात्र फार उशिरा केला.

पुढं कातडं मिळेनासं झालं. हौद कोरडे पडले. दादा आणि आई देवळाली प्रवराकडं ऊस तोडायला जायला लागले. मिरचीचं पाणी आणि भाकरी, हे जेवण. कधी नुसतीच भाकरी. तरी मला शाळेतून काढलं नाही. दादा म्हणायचे, "ती जाईल तिथवर जाऊ द्या. आपुन हायच की."

मी गेले. घरातली पहिली. नगरला बीएस्सी केलं, केमिस्ट्री घेऊन. कॉलेजात पहिली दोन वर्षं आंघोळीच्या पाण्यात लिंबू पिळायचे. वास येतच नव्हता, हौद तर कधीचे बंद होते. पण बाईंचा तो फवारा अंगातून निघत नव्हता. कुणी गाव विचारलं की सांगायचे, शनिशिंगणापूरजवळ. देवाचं नाव घेतलं की पुढचं कुणी विचारत नाही. आडनाव माझं मराठ्यांतही आहे, आमच्यातही आहे. त्याच्या आडोशाला राहिले. याची मला आज लाज वाटते. तेव्हा वाटत नव्हती. तेव्हा सुटल्यासारखं वाटायचं.

डिग्रीनंतर नगरलाच, सावेडीत, अत्तराच्या दुकानात लागले. मालकांना सगळे शेठ म्हणायचे. मनानं वाईट माणूस नव्हता. नाक बरं होतं, गिऱ्हाईकाची पारख त्याहून बरी. दुकानाची एक रीत होती. सकाळी दहाला आम्ही कामावरच्या मुलींनी अत्तर मनगटावर लावायचं. गिऱ्हाईक दुपारी आलं की हात पुढं करायचा. "बघा, पाच तासांनी हे असं राहतं." कागदाच्या पट्टीवर सगळंच चांगलं वाटतं. खरं काय ते अंगावर कळतं.

मी आणि पूजा, आम्ही दोघी होतो. पूजाची कातडी कोरडी. तिच्या हातावर कुठलंही अत्तर अर्ध्या तासात मरायचं. माझी तेलकट. माझ्या हातावर टिकायचं. म्हणून महाग माल शेठ माझ्या मनगटावर लावायचे.

एकदा दुकानात चामड्याच्या वासाचा परफ्यूम आला. काळी बाटली, जड झाकण. कारखान्याच्या संचालकांकडं, बिल्डरांकडं त्याची भारी चलती. मला त्या बाटलीचं वेड लागलं. कारण ती प्रत्येकावर वेगळं बोलायची. शेठ तंबाखू खायचे, अंग गरम. त्यांच्या हातावर दहा मिनिटांत जळक्या टायरचा वास. एका रिटायर हेडमास्तरांच्या सुकलेल्या हातावर तोच वास जुन्या बांधणीच्या पुस्तकासारखा. बुलेटवरून आलेल्या एका पोरावर नव्या सीटकव्हरसारखा, आणि तो त्यातच खूश. दवाखान्यातल्या एका सिस्टरबाईंच्या हातावर तर काहीच नाही, सॅनिटायझरनं सगळं खाऊन टाकलेलं.

माझ्या हातावर आधी धूर. तासाभरानं तो धूर खाली बसायचा आणि आतून काहीतरी कोमट, गोडसर वर यायचं. दुपारी तीनलाही मनगट नाकाशी नेलं की भरून यायचं. शेठ म्हणायचे, "पोरी, हे तुझ्यासाठीच केलंय."

आमच्याकडं एक मोठं गिऱ्हाईक होतं. एका साखर कारखान्याच्या संचालकांच्या पत्नी. सगळे त्यांना वहिनीसाहेब म्हणत. नवऱ्याच्या वाढदिवसाला अत्तर घ्यायला आल्या. मी मनगट पुढं केलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला, नाकाशी नेला, डोळे मिटले.

"काय रॉयल वास आहे गं. एकदम असली चामडं."

आणि माझ्या तोंडून गेलं. "नाही वहिनीसाहेब. हा कमावलेल्या कातड्याचा वास नाही. तो तुरट असतो. सालीतून काढलेलं कातडं ओलं असताना उसाच्या चिपाडासारखा येतो, वाळल्यावर..."

"तुला कसं गं माहीत?"

अजूनही सावरता आलं असतं. पुस्तकात वाचलं, म्हणता आलं असतं. पण वासाची गोष्ट निघाली होती आणि मी रंगात आले होते. जाणकार माणूस आपल्या विषयात फसतो, तशी फसले.

"आमच्या हौदावर लहानपणी..."

तिथंच थांबले. उशीर झाला होता. वहिनीसाहेबांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. फक्त हात सुटला. माझा हात हवेत तसाच राहिला. त्यांनी पर्समधून रुमाल काढला आणि नाक पुसलं. आधी नाक, मग बोटं, एकेक करून.

"शेठ, ह्याचीच दुसरी बाटली द्या. सीलबंद."

बाटली घेऊन त्या गेल्या. शेठनं मला आत बोलावलं.

"मी जातपात मानत नाही, तुला माहितीय. पण गिऱ्हाईक मानतं. उद्यापासून हातावर लावायचं नाही. पूजा लावेल. तू कागदावर दाखव."

"पूजाच्या हातावर टिकत नाही शेठ."

"टिकू दे नाही तर न टिकू दे. नोकरी ठेवतोय ना तुझी? पगार तोच."

मी "बरं" म्हणाले. हे लिहिताना मान खाली जाते, पण म्हणाले. दादांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आईचे गुडघे ऊसतोडीनं गेलेले. घर माझ्या पगारावर चालत होतं. मी कागदाच्या पट्ट्या कापायला लागले. सकाळी दहाला पूजा मनगटावर अत्तर लावायची तेव्हा मी काच पुसायला घ्यायचे. तिलाही कसंतरी वाटायचं. एकदा हळूच म्हणाली, "ताई, माझ्यावर ते औषधासारखं येतं. तू लाव ना गुपचूप." मी नाही म्हणाले. गुपचूप काय लावायचं?

त्या रविवारी घरी गेले. त्या परफ्यूमची संपत आलेली नमुन्याची बाटली पर्समध्ये होती. दादा बाजेवर बसले होते. मी म्हणाले, "दादा, हात द्या." पालथ्या हातावर दोन थेंब टाकले. चुन्यानं भेगाळलेली, सालीनं कायमची तांबूस झालेली कातडी. दादांनी हुंगलं. दिसत नव्हतं तरी डोळे बारीक केले.

"ह्यात कातडं न्हाई."

"मग काय आहे?"

"डांबर हाय. कसल्यातरी झाडाच्या सालीचं. वरून लोबान टाकलाय." पुन्हा हुंगलं. "केवढ्याला घेत्यात हे?"

मी किंमत सांगितली. दादा हसले ते खोकला येईपर्यंत हसले.

"अन् आमी बसलोय चुना खात. डांबर फासून हिंडत्यात व्हय ही मोठी मान्सं?"

आई चुलीपासून म्हणाली, "जरा लांब बसा. नवऱ्यामुलावानी वास मारतोय तुमचा."

"ये की मग जवळ."

"गप बसा. पोरगी हाय समोर."

संध्याकाळपर्यंत तो वास दादांच्या हातावर राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघाले, पाया पडले, तेव्हाही होता. माझ्या हातावर कधी उतरला नाही इतका खोल. इतक्या लोकांच्या हातांवर तो पाहिला होता, पण तो जसा असायला हवा तसा मी पहिल्यांदा दादांच्या हातावर पाहिला.

नगरला येऊन वाचलं. दादा बरोबर होते. बाटलीत चामडं नसतंच. थंड मुलखात बर्च नावाचं झाड असतं, त्याच्या सालीपासून काढलेलं डांबर. तिकडचे कातडं कमावणारे त्याच सालीचं तेल चामड्यात मुरवायचे. ते चामडं राजेलोक वापरायचे आणि वास राजांच्या नावावर चढला. म्हणजे तिकडंही कुणीतरी दादा होता. त्याचीही नखं गेली असतील. त्याचंही घर गावाच्या खालच्या अंगाला असेल. त्याच्या अंगावर होता तोवर तो वास घाण होता, राजाच्या बुटाला लागला आणि शाही झाला. मी केमिस्ट्री शिकलेली बाई. रेणू तोच असतो हे मला कळतं. मग मी लिंबू कशाला चोळत होते? मी कागद कशाला कापत होते?

राग तेव्हा आला. इतकी वर्षं फक्त लाज होती.

दहा-बारा दिवसांनी वहिनीसाहेब परत आल्या. बाटली घेऊन. तक्रार होती. "ह्यांच्या अंगावर हे जळकं येतं. त्या दिवशी किती छान येत होतं."

त्या दिवशी कुणाच्या हातावर छान येत होतं, ते त्या बोलल्या नाहीत. शेठनं पूजाचा हात पुढं केला. वहिनीसाहेबांनी नाक मुरडलं. शेठ घामेजले. एवढं गिऱ्हाईक तुटणार होतं. मग माझ्याकडं वळले.

"तू सांग गं. साहेबांना काय चालेल?"

मी काउंटरपाशी गेले. "साहेब तंबाखू खातात का?"

"खातात," वहिनीसाहेब म्हणाल्या. शेठकडं बघून म्हणाल्या.

"मग त्यांना हे जळकंच येणार. चंदनात बसवलेलं आहे एक, ते चालेल. अंगावर कसं येतं ते दाखवते."

मी बाटली उघडली. शेठनं कागदाची पट्टी पुढं सरकवली. मी ती बाजूला ठेवली आणि माझ्या मनगटावर दोन थेंब टाकले. दुकानात आणखी तीन गिऱ्हाइकं होती. सगळी बघत होती. मी हात पुढं केला.

"घ्या. बघा."

वहिनीसाहेब मागं सरल्या. "शेठ, हिला कागदावर दाखवायला सांगा."

"कागदाला घाम येत नाही वहिनीसाहेब. त्या दिवशी हाच हात तुम्ही दोन्ही हातांनी धरला होता. डोळे मिटून. तेव्हाही मी ढोराचीच होते."

शेठ काउंटरमागून पुढं आले.

"माफी माग," शेठ म्हणाले. आवाज बारीक होता. "माग आणि विषय संपव. तुझ्या घराचा विचार कर."

घराचाच विचार करत होते. बाजेवर बसून हसणारा माणूस डोळ्यांपुढं होता.

"मागणार नाही. आणि हातावर लावायचं नाही हेही यापुढं ऐकणार नाही. कामावर ठेवायचं तर हातासकट ठेवा."

शेठनं माझ्याकडं पाहिलं, वहिनीसाहेबांकडं पाहिलं. निवड करायला त्यांना फार वेळ लागला नाही. मी पर्स उचलली. पूजा रडत होती. मी नाही रडले.

पुढची दोन वर्षं फार वाईट गेली. मुलांच्या शिकवण्या घेतल्या. कनौजला जाऊन अत्तर काढायचं काम शिकले, भट्टीपाशी उभी राहून. परत आल्यावर गाळा शोधायला निघाले. आता कुणी विचारायच्या आधीच मी गाव सांगायचे, जात सांगायचे. तिघांनी नाही म्हटलं. चौथ्यानं दिला. दादांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली. आता सुई दिसते त्यांना. उचलता अजून येत नाही.

आता नगरातच, तारकपूरकडं, माझं स्वतःचं अत्तराचं दुकान आहे. परवाना माझ्या नावावर आहे. वास मी मिसळते, आणि कुणाच्या अंगावर काय बसेल ते मी सांगते. नमुना माझ्याच मनगटावर दाखवते. हा हात ज्याला चालत नाही त्याला मी माल विकत नाही. काही जण तसेच परत गेले. त्यांना मी थांबवलं नाही, थांबवणारही नाही.