सगळ्यात गप्प बाई

पांढरकवड्याकडच्या आमच्या गावात सरपंचाची निवडणूक होत नाही, ती भाऊंच्या ओसरीवर ठरते. भाऊ म्हणजे कापसाच्या सगळ्यात मोठ्या वावराचे मालक. त्यांनी कधी कुणाला धमकावल्याचं मी ऐकलं नाही. बाळंतीण अडली, गाडी भाऊंची. दाखला अडला, फोन भाऊंचा. मी आठवीत शाळा सोडून रिकामा फिरत होतो, तर पुण्याजवळच्या कारखान्यात त्यांनीच चिकटवलं. ते उपकार मी आजही मानतो. रोज, हजेरीचं कार्ड लावताना.

मग एका वर्षी सरपंचपद आदिवासी बाईसाठी राखीव निघालं. भाऊ खचले नाहीत. आमच्या पोडावर, म्हणजे गावाबाहेरच्या कोलाम वस्तीवर, आले आणि तिथली सगळ्यात गप्प बाई निवडली. माझी माय. गावात तिला बोलताना कुणी ऐकलंच नव्हतं. ऐकणार कसं? तिच्या मराठीला दुकानात हसायचे, म्हणून ती तिथं तोंड उघडत नसे. पोडावर कोलामीत सुरू झाली की दुसऱ्याला मधे घुसायला जागा नाही. एवढी चौकशी करायचं भाऊंना सुचलं नाही.

पहिलाच ठराव नळाच्या पाइपाचा. भाऊंनी लिहूनच आणला होता : पाइप गावात, पोडाला पुढच्या वेळी. माय मराठीत म्हणाली, "पयले पोड. मंग सही."

भाऊंचा पुतण्या उपसरपंच. तो हसला. "अवो काकू, तुमाले बोलता येते?"

"आता येते."

हे मला मावसभावानं कळवलं. तिसऱ्या दिवशी भाऊंचा फोन. "काय बेटा, ड्युटी बराबर आहे ना? तुये साहेब आपल्याच ओळखीचे आहेत. टेन्शन नको घेऊ." बस. पाइपाचं नावही नाही.

मी लगेच मायला फोन लावला. आमचं बोलणं कोलामीतलं, इथं मराठीत लिहितो.

"माय, सही करून टाक."

"काहून?"

"भाऊंचे उपकार आहे आपल्यावर."

"तुयावर आहे. मी अजून नाल्यावरूनच पाणी आणून राह्यली."

मग तिनं विचारलं, "तुले तिथं पाणी कुठून भेटते?"

"कंपनीत नळ आहे."

"अन् खोलीवर?"

"खोलीवरबी आहे."

"मंग नोकरी नको सोडू," ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सही केली.

पाइप गावात आला तेव्हा भाऊंनी उद्घाटनाचा फोटो पाठवला. माय हार घालून उभी, तोटी भाऊंच्या हातात. खाली लिहिलं होतं, "तुयी माय लय समजदार." मी लगेच हात जोडलेलं चित्र पाठवलं. उशीर झाला असता तर त्यांना काही वेगळं वाटलं असतं.