माझ्या नावाचं ऑब्जेक्ट

मी मुळातच संशयी. दूधवाला पाणी घालतो, कंडक्टर सुटे मुद्दाम विसरतो, शेजारीण भिंतीला कान लावून बसते, हे सगळं मी पुराव्याची वाट न पाहता धरून चालते. त्यामुळे तंजावूरबाहेरच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मला नोकरी लागली आणि सगळ्यांच्या कम्प्युटरवरच्या खात्यांवर नजर ठेवणारा प्रोग्राम लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा हे आपल्याचसाठी राखून ठेवलेलं काम आहे असं मला वाटलं.

उदारीकरणाची ती वर्षं. भाताच्या शेतांमध्ये कॉलेजं उगवत होती. आमच्याकडे एक मोठा कम्प्युटर होता आणि त्याला जोडलेले टर्मिनल वर्गांत नि ऑफिसात ठेवलेले होते. सी प्लस प्लस मी पुस्तकातून शिकले होते. त्यात मी 'युजर' नावाचा क्लास लिहिला. क्लास म्हणजे साचा, त्यातून माणसागणिक एक ऑब्जेक्ट घडायचं. त्याच्या पोटात त्या माणसाचं नाव, त्याच्या फायली ठेवायची जागा आणि तो शेवटचा कधी आत शिरला ती वेळ. विचारलं की ऑब्जेक्ट ही माहिती आपणहून सांगणार. पासवर्ड मात्र ते कुणालाही सांगायचं नाही. माझ्या स्वभावाला हा प्रकार इतका मानवला की घरी भाजी चिरतानाही मी माणसांचे साचे पाडत बसायची.

माझ्या स्वतःच्या पासवर्डाबद्दल तर मी निर्धास्त होते. आमच्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवऱ्यानं त्यावर अंगठीनं नवं नाव लिहायचं. माझंही लिहिलं. आम्ही पिढ्यान्‌पिढ्या तंजावूरला राहिलेले मराठी, घरात मराठी बोलायचं आणि शाळेत तमिळ शिकायचं. देवनागरी मला तेव्हा वाचता येत नव्हती, मी पुष्कळ पुढे शिकले. त्यामुळे माझं नाव काय ठेवलं ते मला दुसऱ्यांनी वाचून दाखवलं. सर्टिफिकेटांवर, पगारपत्रकावर, कॉलेजात सगळीकडे माझं माहेरचंच नाव, त्याच्या आधी वडिलांचं आद्याक्षर, तमिळ रीतीप्रमाणे. तांदळातलं नाव फक्त सासरी चाले. त्याचाच मी पासवर्ड केला. कॉलेजात कुणाच्या बापाला कळणार?

मावसबहिणीच्या लग्नाला मी एक दिवस रजा काढून पापनाशमला गेले. परत आले तर कॉलेजात बोंब उठलेली. एका परीक्षेचा पेपर मुलांच्या हातात होता. शिक्षकांचे पेपर टाइप मी करत असे आणि ते माझ्याच खात्यात असत. प्राचार्यांच्या टेबलावर माझ्याच ऑब्जेक्टची छापील प्रत होती. रजेच्या दिवशी दुपारी मी आत आले होते, असं मीच लिहिलेला प्रोग्राम सांगत होता.

मी पापनाशमला होते, लग्नाचे फोटो आहेत, असं सांगितलं. ते म्हणाले, मग तुम्ही पासवर्ड कुणाला तरी दिलात, ते तर त्याहून वाईट. कोणाला दिला ते उद्या सांगा, नाहीतर राजीनामा द्या. मी कायम नव्हते. चोर म्हणून बाहेर पडले असते तर त्या जिल्ह्यात मला कुणी टाइपरायटरजवळही बसू दिलं नसतं.

घरी येऊन मी सगळ्यांवर संशय घेतला. लॅब असिस्टंटवर घेतला, प्राचार्यांवर घेतला. नवऱ्यावरही घेऊन झाला, पण त्याला टर्मिनल चालू कुठे करतात तेही माहीत नव्हतं. मग माझ्या साच्यातली चूक मला दिसली. मी खातं आणि माणूस एकच धरलं होतं. नाव 'युजर' ठेवलं म्हणून काय झालं, ते ऑब्जेक्ट म्हणजे नुसतं दार होतं, त्यातून कोण आलं ते त्याला ठाऊक नव्हतं. तेव्हा दाराला विचारण्यात अर्थ नव्हता. किल्ली कुणाला ठाऊक, एवढंच पाहायचं होतं.

आणि ते नाव ठाऊक असलेला माणूस त्या इमारतीत एकच होता. माझ्या नवऱ्याचे काका. कॉलेजचे ऑफिस सुपरिंटेंडंट. माझ्या लग्नात पहिल्या पंगतीला बसलेले. मला ही नोकरी त्यांनीच लावून दिलेली, आणि ज्या वर्षाचा पेपर फुटला त्याच वर्षाला त्यांची मुलगी शिकत होती. मला भीती वाटली, आणि रागही आला. हा आपल्या संशयी स्वभावाचाच खेळ असावा, असंही वाटून गेलं. मी घरात कुणाला काही बोलले नाही.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या खोलीत काकाही बसलेले होते. माझी शिफारस त्यांची होती, म्हणून त्यांना बोलावलं होतं. प्राचार्यांनी विचारलं, तुमचा पासवर्ड ओळखू शकेल असं इथे कोणी आहे का?

मी तोंड उघडायच्या आत काका माझ्याकडे न बघता आमच्या मराठीत हळूच म्हणाले, "घरचं घरांत असूं दे."

खाई त्याला खवखवे. तोवर माझ्याकडे नुसता संशय होता. पासवर्ड काय होता हे मी अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यात घरचं काही आहे हे त्यांना कसं कळलं? प्राचार्यांना मराठी येत नव्हती. ते दोघांकडे पाहत थांबले होते. काकांनी बोलायला ती भाषा का निवडली ते मला कळलं, आणि मी तमिळमध्ये उत्तर दिलं. तांदूळ, ताट, नाव, पंगत, सगळं सांगितलं. शेवटी काकांनी आत्ता काय म्हटलं तेही तमिळ करून सांगितलं. काका खाली मान घालून बसले. नाही म्हणाले नाहीत.

त्यांना घरी बसावं लागलं. मला पुढे कायम केलं. प्रोग्रामात मी 'माणूस' आणि 'खातं' असे दोन वेगळे क्लास केले. त्याचं कॉलेजात कौतुक झालं.

सासूबाई बरेच दिवस माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या. काका त्यांचे धाकटे दीर, त्यांनी लहानाचे मोठे केलेले. एकदा दुपारी ताक घुसळताना त्या थांबल्या.

"तू खरं सांगितलंस, मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "पण आदल्या दिवशी मला विचारलं असतंस, तर मी सांगूं नको म्हटलं असतं. म्हणून विचारलं नाहीस?"

मी हो म्हटलं. त्या परत ताक घुसळू लागल्या.