गोदूबाईंची पावनखिंड

आमच्या डोंबिवलीच्या चाळीत गोदूबाईंना सगळेच वचकून असायचे. नवरा लवकर गेला, रोज दोनशे पोळ्या लाटून त्यांनी एकुलत्या उत्तमला वाढवला. गिरणीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत कोणाचंही पहिलं उत्तर या बाईंनी कधी खरं मानलं नाही.

सत्त्याऐंशीच्या आषाढात आमचं मंडळ पन्हाळ्याहून विशाळगडाला चालत गेलं आणि उत्तम पावनखिंडीत वाहून गेला. पाय घसरला, असं आम्ही पाचही जणांनी गोदूबाईंना सांगितलं. त्यांनी प्रत्येकाला वेगवेगळं गाठून विचारलं. पाचही जण शब्द न् शब्द तेच बोलले, आणि नेमका तिथेच त्यांना संशय आला. शहाडला आजोळी उल्हास नदीत पोहायला शिकलेला उत्तम बुडेल कसा?

पुढच्या वैशाखात त्यांनी ओळखीच्या दौलतची जीप ठरवली आणि मला चल म्हणाल्या. नाही म्हणायची माझी छाती झाली नाही. खंडाळ्याच्या घाटापासून खंबाटकीपर्यंत मी उगाच बडबडत होतो. मलकापूरनंतर रस्ता डोंगरात शिरला, जीप खडीवर आदळू लागली. मी समोरचा दांडा घट्ट धरला. त्या मात्र मांडीवर पिशवी धरून ताठ बसलेल्या. पांढरपाण्याच्या पुढे दौलत जीपपाशी थांबला आणि आम्ही दोघं खिंडीत उतरलो.

दोन्ही बाजूंना काळा कातळ, तळाशी जेमतेम घोटाभर पाणी. गोदूबाई साडी वर धरून त्यात उभ्या राहिल्या.

"पावसात तासाभरात छातीपर्यंत चढतं हे," मी म्हणालो.

"मग तासभर तो इथं काय करत होता, भगवान?"

मग मी सांगितलं. उत्तम बाजीप्रभू झालेला. हा आमचा दर वर्षीचा खेळ. बाजीने खिंडीत थांबायचं, बाकीच्यांनी पुढे जाऊन सुतळी बॉम्ब लावायचा, ती गडावरची तोफ. तोफ ऐकल्याशिवाय बाजीने जागा सोडायची नाही. त्या दिवशी बॉम्ब भिजला, वाजलाच नाही.

"मागे येऊन हाक मारायची होतीस."

"आम्ही चहाला बसलेलो, काकू. म्हटलं, कंटाळला की येईल आपोआप."

"कंटाळायचा नाही तो," त्या हळूच म्हणाल्या. "मला यायला उशीर झाला तर ताट झाकून बसून राहायचा, कितीही वेळ."

बाहेर यायला मी हात पुढे केला, तो त्यांनी धरला नाही. डोंबिवली येईपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यासाठी मी दोनदा मुद्दाम त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो. दोन्ही वेळा त्यांनी बाजूला होऊन मला आत घेतलं, बसायला पाट दिला आणि आपल्या कामाला लागल्या.