बंद करणं चालू आहे

आमच्या शेतकरी कंपनीच्या व्यवस्थापकानं मला फसवलं. मी कधी उच्चारला नाही असा शब्द त्यानं माझ्या नावावर चढवला, आणि तो शब्द म्हणजे ‘सहमत’. ज्यांनी माझ्याशी आयुष्यात एकदा तरी सौदा केला आहे, त्यांना ही गोष्ट सांगितली की ते आधी हसतात आणि मग काळजीनं विचारतात, तब्येत बरी नव्हती का?

तब्येत उत्तम होती. अजून आहे. म्हणून तर हे लिहितोय, आणि कागदावर लिहितोय, कारण कागदावर पेन टेकवायला अजून कोणाची परवानगी लागत नाही.

माझं शिक्षण थोडं. राजूरला गणपतीच्या वाटेवर नारळ विकत मोठा झालो. नारळ कानाशी हलवून आत पाणी किती ते सांगायचो, आणि गिऱ्हाईक देवाच्या दारात उभं आहे म्हणून भाव सोडायचो नाही. पुढे हसनाबादच्या रस्त्याला खत-बियाण्याचं दुकान टाकलं. ते कोणाच्या ओळखीवर चाललं नाही, माझ्या तोंडावर चाललं. कीबोर्डशी मात्र माझं कधी जमलं नाही. त्यावर एक अक्षर शोधायला मला जितका वेळ लागतो, तितक्या वेळात मी रागावून निघून गेलेलं गिऱ्हाईक परत आणतो. पण हातानं लिहितो ते ठसठशीत. अक्षर सुंदर नाही, तरी तालुक्यातली माणसं ते लांबून ओळखतात.

शेतकऱ्यांनी मिळून कंपनी काढली, गोदाम बांधलं, तेव्हा मला संचालक केलं. प्रेमानं केलं असं मी म्हणणार नाही. हा आत घेतलेला बरा, बाहेर राहिला तर रोज भांडायला येईल, असा विचार होता. सोयाबीनची आवक सुरू झाली की पाळीपाळीनं एक संचालक गोदामात बसायचा आणि प्रत्येक गाडीच्या मालावर शेरा लिहायचा. माल घ्यायचा की परत पाठवायचा ते त्या शेऱ्यावर ठरायचं. बाकीचे संचालक ‘ठीक’ लिहून चहा घेत. मी दाणा दाताखाली धरायचो. कोरडा दाणा कट् वाजतो. ओला दबतो, वाजत नाही. या ओलाव्याला बाजारात हवा म्हणतात. हवा जास्त असली की ढीग आतून तापतो आणि शेजारच्या चांगल्या मालालाही घेऊन बुडतो. म्हणून माझा शेरा ठरलेला असायचा: ‘हवा जास्त. घेऊ नये.’ या चार शब्दांपायी लोक मला शिव्या द्यायचे, आणि स्वतःचा चांगला माल मात्र माझी पाळी बघूनच आणायचे.

मग हा व्यवस्थापक आला. शहरातला, शिकलेला, कडक इस्त्रीचा. सगळ्यांना ‘काका’ म्हणायचा. बाजारात मला कोणी अनोळखी माणूस काका म्हणाला की माझा हात आपोआप खिशावर जातो. त्यानं जाहीर केलं की यापुढे शेरा कॉम्प्युटरवर. मी म्हणालो, मला टाइप येत नाही. तो म्हणाला, हल्ली काचेवर हातानं लिहिता येतं. आणि खरेदीला मलाच पुढे घातलं. भाव करणारा फुकट मिळत असेल तर कोण सोडतो?

जालन्यातल्या कॉम्प्युटरच्या दुकानदाराला मी दुपारभर बसवून ठेवलं. भाव खाली आणला, गाडीभाडं त्याच्या गळ्यात घातलं, आणि उठता उठता माझा नेहमीचा शेवटचा सवाल टाकला.

“वरून काय देता?”

“शेठ, वरून द्यायला आता माझं कातडं राह्यलं फक्त.”

“ते असू द्या, तुमच्याच अंगावर शोभतं. हे पेन कोणाचे?”

काचेवर लिहायच्या पेनाची किंमत वेगळी होती. ते मी वरून घेतले. तिथंच लिहून पाहिलं, तर माझं आडवंतिडवं अक्षर विरघळलं आणि त्या जागी छापील अक्षर उभं राहिलं. दुकानदाराला मी तोंडावर काही दिसू दिलं नाही, पण मनातून खूश झालो. माझं अक्षर छापलं जावं इतका मोठा मी होईन, असं राजूरला नारळ विकताना वाटलं नव्हतं.

गोदामात पहिल्याच दिवशी एका गाडीवर मी लिहिलं, ‘हवा जास्त’. कॉम्प्युटरनं वाचलं, ‘हवा मस्त’. माझा ‘जा’ त्याला ‘म’ दिसला. पडदा सगळ्यांना दिसत होता. एक हमाल पोतं खाली ठेवून म्हणाला, “मालक, हवा एवढी मस्त हाय तर भाईर खाट टाकू का?” दिवसभर तेच चाललं. मी चिडलो, पण हटलो नाही. ‘ज’ची शेपटी लांब ओढून पुन्हा पुन्हा लिहिलं. कॉम्प्युटरही माझा हात शिकत गेला. थोड्याच दिवसांत ‘जास्त’ला ‘जास्त’ म्हणू लागला आणि गाड्या परत जाऊ लागल्या. व्यवस्थापकाचं ‘काका’ त्या दिवसांत जरा आखडलं होतं, हे मला तेव्हाच दिसलं होतं.

ऐन आवकीत एका सकाळी पेन टेकवलं तर काचेवर काहीच उमटेना. बोट लावलं, तेही लागेना. उपरण्यानं काच पुसली, जोर लावला. कोपऱ्यात एक ओळ आली, की ही सेटिंग तुमच्या ॲडमिनिस्ट्रेटरच्या ताब्यात आहे. माझा ॲडमिनिस्ट्रेटर कोण, हे मला तोवर कोणी कळवलं नव्हतं. मी जालन्याच्या दुकानदाराला फोन लावला आणि जे बोलायचं ते बोललो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

“शेठ, मशीन बिलकुल बराबर आहे. वरून बंद केलंय.”

“वरून तर तूच दिल्तं की मला.”

“न्हाई शेठ. ते वरून न्हाई. हे वरून म्हंजे, वरून.”

आयुष्यभर हा शब्द मी फायद्याचा समजत आलो होतो. वरून म्हणजे सौदा झाल्यावर पदरात पडतं ते. पदरातलं काढून घेतात त्यालाही हाच शब्द आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

व्यवस्थापकाच्या खोलीत गेलो. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला आणि समजावू लागला. म्हणाला, ही पॉलिसी आहे. काचेला हमालांचे हात लागतात, एकदा कोणाचं तरी कोपर लागून अख्ख्या गाडीची नोंद उडाली. शिवाय हस्ताक्षर वाचताना चुका होतात, तुमचं ते ‘हवा मस्त’ तपासणीवाल्यांनी पाहिलं तर काय उत्तर द्यायचं? मी म्हणालो, पॉलिसी दाखवा. आधी टाळाटाळ केली, मग दाखवली. एकाखाली एक ओळी होत्या. ‘हस्ताक्षरानं लिहिणं बंद करा.’ ‘बोटाचा स्पर्श बंद करा.’ ‘लिहिणाऱ्याच्या अक्षरावरून शिकणं बंद करा.’ प्रत्येक ओळीपुढे तीन पर्याय: चालू, बंद आणि ठरवलेलं नाही. तिसरा पर्याय पाहून मला आमचं संचालक मंडळ आठवलं. पण इथं सगळ्या ओळींपुढे ‘चालू’ होतं.

“मंग चालूच हाय की,” मी म्हणालो.

“नाही काका. बंद करणं चालू आहे.”

मी लबाड माणसं पुष्कळ पाहिली आहेत. रात्री हो म्हणून मान हलवणारे आणि सकाळी ओळख न दाखवणारे पाहिले. पण ‘नाही’ला ‘चालू’ म्हणायची सोय त्यांच्यापैकी कोणाला सुचली नव्हती. आणि ती तिसरी ओळ मला जास्त लागली. इतकी मेहनत घेऊन त्या डब्याला मी माझा ‘ज’ शिकवला होता. शिकणं बंद कर, हा हुकूम मी याआधी एकदाच ऐकला होता, तोही मास्तरांच्या तोंडून. पण मास्तरांनी निदान समोर उभं राहून सांगितलं होतं.

“तुम्हीच चालू करा मंग,” मी म्हणालो.

“मला फक्त बघता येतं, काका. बदल वरून होतात.”

त्याच आठवड्यात मंठ्याकडून एक मोठी गाडी आली. दाणा दाताखाली धरला, तो गुपचूप दबला. दुसऱ्या पोत्यातला, तिसऱ्यातला, सगळे तसेच. मी लिहायला गेलो, तर लिहायला काही नव्हतंच. व्यवस्थापक धावत आला. “काका, तुम्ही तोंडी सांगा, मी टाइप करतो.” मी सांगितलं, हवा जास्त, घेऊ नये. त्याची बोटं कीबोर्डवर नाचली. पडदा त्याच्याकडे वळवलेला होता. “झालं,” असं म्हणून तो गोड हसला. जेवून परत आलो तर गाडी रिकामी होऊन राह्यली होती, आणि माल आमच्या सभासदांच्या कोरड्या मालाला लागून पडत होता. मी आरडाओरडा केला. तो म्हणाला, तुमचा शेरा वर गेलाय, निर्णय येईल. निर्णय आला नाही. वास आला. ढीग उकरला तेव्हा आतून वाफ निघाली आणि दाणे काळे पडलेले होते, मंठ्याचेही आणि आमचेही.

सभासदांची बैठक भरली. व्यवस्थापकानं भिंतीवर पडदा लावून त्या गाडीची नोंद सगळ्यांना दाखवली. संचालक म्हणून माझं नाव, आणि शेऱ्यापुढे एकच शब्द: ‘सहमत’. कोणी हसलं. मग कोणी हसेना. हसनाबादचे एक म्हातारे सभासद, ज्यांचा अख्खा माल त्या ढिगात गेला होता, ते उठले आणि माझ्याकडे बघत म्हणाले, “तुमच्या दातावर भरोसा ठेवून माल टाकला आमी. दात कधी इकले?”

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते ऐकायला त्या खोलीत कोणी नव्हतं. मी व्यवस्थापकाला विचारलं, मी सांगितलेला शेरा कुठंय? तो अत्यंत नम्रपणे म्हणाला की ते त्यानं सूचनेच्या रकान्यात घातलं होतं, पण सेव्ह झालेलं दिसत नाही. शेरा संचालकानं स्वतःच्या हातानंच भरायचा असतो, तसा नियमच आहे. आणि शेऱ्याची जागा रिकामी राहिली तर सिस्टीम ‘सहमत’ धरते. म्हणजे लिहायचं माझ्याच हातानं, माझा हात बंद, आणि बंद हाताचा अर्थ होकार. हे त्यानं असं सांगितलं की दोघातिघांनी समजल्यासारख्या माना हलवल्या.

घरी आलो. बातमी माझ्या आधी पोचली होती. बायको भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “लग्न झाल्यापासून माझ्या एका गोष्टीला तुमी सहमत झाले न्हाईत. अन् त्या डब्यापुढं झालात.” 

दुसऱ्या दिवशी पॉलिसी लावणाऱ्या माणसाचा नंबर मिळवला. तो छत्रपती संभाजीनगरला बसतो. गोदाम त्यानं कधी पाहिलेलं नाही, सोयाबीनही बहुधा तेलाच्या पिशवीतच पाहिलं असेल. बोलायला चांगला होता. म्हणाला, आम्ही आमच्या मनानं काही लावत नाही, तुमच्याच कंपनीच्या कार्यालयानं सांगितलं ते लावलं.

“कार्यालयात कोणी सांगितलं?”

“ते आम्हाला सांगता येत नाही, सर. तुम्ही तिकीट काढा.”

“कुठलं तिकीट? तुझ्याकडं यायचं का मी?”

तिकीट म्हणजे तक्रार, आणि ती कॉम्प्युटरवर टाइप करून द्यायची असते, असं त्यानं समजावलं आणि फोन ठेवला.

व्यवस्थापक म्हणतो, बदल वरून होतात. वरचा म्हणतो, कार्यालयानं सांगितलं. कार्यालयात व्यवस्थापकाशिवाय टेबल आहे आणि पंखा आहे. आता या दोघांपैकी कोणी सांगितलं असेल ते मी विचारतोय.

पुढच्या बैठकीत मला संचालकपदावरून काढायचा ठराव येणार आहे. मला नोटीस आली आहे, खुलासा करा म्हणून. दुकानात येणारे दोन-तीन सभासद आता रस्त्याच्या पलीकडून जातात. पद गेलं तर जाऊ द्या, त्याचा मला पगार नव्हता. पण ज्यांचा माल काळा पडला त्यांनी मला होकार देणारा माणूस समजावं, हे मी सहन करणार नाही.

म्हणून खुलासा मी देणार नाही, घेणार आहे. व्यवस्थापकानं सभासदांपुढे उभं राहून सांगावं, की माझा हात बंद करा असं संभाजीनगरच्या त्या माणसाला कोणी कळवलं. मंठ्याची गाडी यायच्या आधी त्याच आठवड्यात का कळवलं. ती गाडी कोणाच्या ओळखीनं आली. आणि मी तोंडानं सांगितलेले चार शब्द ऐकून त्यानं त्या कीबोर्डवर नेमकं काय टाइप केलं. ‘कार्यालयानं’ असं उत्तर मी घेणार नाही. मला माणसाचं नाव पाहिजे, आणि ते त्यानं त्या काळ्या ढिगाचे मालक समोर बसलेले असताना, स्वतःच्या तोंडानं घ्यावं.