मेथीच्या आधी दळलेलं

अक्कांसमोर बी टाकायची कुणाची छाती नव्हती. चेन्नईतल्या आमच्या अन्नपरीक्षण प्रयोगशाळेत डब्याबरोबर कुणी कलिंगड काढलं, की अक्कांचा तळहात पुढे. कलिंगड, फणस, जांभूळ, सगळ्यांच्या बिया त्यांना हव्या. सीताफळाच्या तेवढ्या टाकायची परवानगी होती, कारण त्या विषारी.

त्या तंजावरच्या मराठी. नमुने धुणं, वाळवणं, दळणं हे त्यांचं काम. मी नाशिकहून नवीन आले तेव्हा त्यांच्या तमिळ हेलाच्या मराठीला हसायचे. पण फणसाच्या आठळ्या मिरी घालून परतून त्यांनी भरवल्या आणि माझं हसणं थांबलं. त्या म्हणायच्या, "गर दुसऱ्यांसाठी, बी आपल्या लेकरासाठी. मग झाड चांगलं कुठं ठेवील, सांग?" मी प्रथिनांचा आकडा सांगितला, की नातवाचे मार्क कळावेत तशा हसायच्या आणि लाडानं मला कन्ना, म्हणजे बाळ, म्हणायच्या.

त्यांच्या निवृत्तीआधी जांभळाच्या बियांवरचा आमचा पेपर तयार झाला. सरांनी त्यात अक्कांचंही नाव घातलं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं नाव छापून येणार होतं, आणि तंजावरच्या सगळ्या गोतावळ्यात ते कळलं होतं.

एका दुपारी पेपरसाठी दळलेल्या बियांच्या उरलेल्या पुडीची बरणी उघडून त्या तशाच उभ्या राहिल्या. पुडीला मेथीचा वास होता. दळणाच्या आदल्या दिवशीची मेथी मिक्सीच्या झाकणातल्या रबरी कड्याखाली अडकून राहिली होती, म्हणजे पेपरातल्या आकड्यांत मेथीही होती. जांभळाचा हंगाम संपला होता, पुन्हा दळायला बी नव्हती. मी म्हटलं, "राहू द्या ना अक्का, कुणाला कळतंय?"

"माझं नांव आहे त्यात, कन्ना. मला कळलं की."

त्या स्वतः सरांकडे गेल्या. पेपर मागे घेतला गेला. महिन्याभरानं अक्का निवृत्त झाल्या, आणि मी घरी जाऊन खूप रडले.

तेव्हापासून दर हंगामात तंजावरहून जांभळाच्या बियांची पूड येते, वर चिठ्ठी: मेथीच्या आधी दळलं. यंदाची चिठ्ठी तमिळमध्ये होती, त्यांच्या लेकीची. शेजारच्या टेबलावरच्या सेल्वीनं वाचून अर्थ सांगितला: "अम्मा गेली. बिया तिनंच वाळवल्या होत्या, दळल्या मी, मेथीच्या आधी. तेवढं लिहायला तिनं बजावलं होतं."

नमुन्याच्या नोंदीत दळणाऱ्याच्या जागी अक्कांचं नाव लिहावंसं फार वाटलं. पण त्यांनी ते चालवून घेतलं नसतं. तिथे लेकीचं लिहिलं. वाळवणाऱ्याच्या जागी अक्कांचं, पूर्ण. मग बरणी उघडून वास घेतला. नुसतं जांभूळ होतं.