न बसवलेली चिप

लातूरच्या एमआयडीसीतल्या एका छोट्या कंपनीत मी पाणीपुरवठ्याची यंत्रं बनवायचो. टाकीत क्लोरीन किती सोडायचं ते ठरवणारी पेटी माझ्या हातची. पहिल्या आराखड्यात मी तिच्यात एक चिप ठेवली होती. प्रत्येक ऑपरेटरला स्वतःचं कार्ड, आणि प्रत्येक नोंदीवर चिपची मोहर. मागाहून कुणी नोंद बदलली, तर लगेच कळलं असतं. मालकांनी ती काढायला लावली. "गावच्या टाकीवर कोण हॅकर येऊन बसणार हाय? सगळ्या पेट्यांना एकच पासवर्ड ठेवा, दुरुस्तीला सोपं जातं." मी मान डोलावली. पासवर्डची चिठ्ठी झाकणाच्या आतून मीच चिकटवायचो.

दोन वर्षांनी नांदेडकडच्या एका गावात सकाळच्या पाण्यानं लोकांचे घसे पोळले. लेकरं उलट्या करू लागली. एका चार वर्षांच्या मुलीला तर महिनाभर नळीनं दूध द्यावं लागलं. पेटीतली नोंद सांगत होती, पहाटे पाचला डोस वाढवला, ऑपरेटरच्या नावानं.

ऑपरेटर पन्नाशी उलटलेला, सगळी नोकरी त्याच टाकीवर गेलेली. चौकशीत तो एकच सांगत राहिला, "साहेब, पाचला म्या वेशीकडचा व्हॉल्व सोडायला गेलतो. पेटीला हात लावला न्हाई."

अधिकाऱ्यांनी मला विचारलं, "ही नोंद खोटी असू शकते का?"

मालक शेजारीच बसले होते. झाकण उघडून चिठ्ठी वाचणाऱ्या कुणालाही, कुणाच्याही नावानं, तशी नोंद करता आली असती. मी म्हणालो, "सहसा नाही."

ऑपरेटर निलंबित झाला. गावात त्याच्याशी कुणी बोलेना, त्याच्या दारावर दगड पडले. नवरा-बायको लेकीकडे उदगीरला निघून गेले. पाच महिने मला नीट जेवण गेलं नाही. मग नोकरी सोडली आणि सगळं खरं लिहून दिलं. निलंबन रद्द झालं.

आदेशाची प्रत घेऊन मी उदगीरला गेलो. तो खाटेवर होता, अर्धं अंग लुळं पडलेलं. बायकोनं कागद माझ्याकडूनच वाचून घेतला.

"म्हंजे ह्यांनी केलं न्हाई, असं लिवलंय?"

"तसं नाही, मावशी. नोंद भरवशाची नाही, असं लिहिलंय."

"मग केलं कुणी?"

"ते आता कळायचं नाही. पेटीत तशी सोयच नव्हती."

"सोय कुणी न्हाई ठेवली?"

"मी."

तिनं कागदाची घडी घातली आणि नवऱ्याच्या उशाखाली ठेवली. त्यानं चांगल्या हातानं तो चाचपडून काढला आणि माझ्याकडे न बघताच खाली टाकला.